माफीला सोबत

बिरागोचा उजवा हात जन्मल्यापासून रजेवर होता. आईच्या पोटातून बाहेर येतानाच खांद्यापाशी काहीतरी ताणलं गेलं, आतली नस तुटली, आणि तेव्हापासून तो जो खाली लोंबला तो लोंबलाच. बारीक, कोपरात मुडपलेला, बोटं मिटलेली. ‘कामाचं नाव नाही, पण हजेरीपटावर नाव आहे, सरकारी खात्यात चिकटलाय,’ असं ती स्वतःच सांगून टाकायची. म्हणजे दुसऱ्या कुणी काही बोलायच्या आत.

बरं, उजवा नाही हे एक वेळ चाललं असतं. खरी पंचाईत उरलेल्या डाव्याची होती. घानातल्या कुमासी शहरात डाव्या हातानं कुणाला काही द्यायचं नाही, कुणाकडून घ्यायचं नाही, हात मिळवायचा नाही, साधी वाटसुद्धा दाखवायची नाही. ज्याचा इलाजच नाही त्यानं आधी ‘सेबे’ म्हणायचं, म्हणजे माफ करा, अमर्यादा होतेय. बिरागोचा पहिला शब्द ‘आई’ होता की ‘सेबे’ यावर घरात अजून एकमत नाही. गाडीत भाडं देताना सेबे, वर्गात हात वर करताना सेबे, चर्चमध्ये दानपेटीत नाणं टाकताना खुद्द देवाला सेबे. एकदा बँकेच्या मशीनमधून पैसे काढताना तिनं मशीनला सेबे म्हटलं, आणि मागच्या रांगेतल्या एका भल्या माणसानं ‘असू दे, असू दे’ म्हणून मशीनच्या वतीनं माफही केलं.

आता अशा मुलीनं समुपदेशक व्हावं हे कुणाच्या डोक्यातून निघालं? तिच्याच. तिची आई असाफोच्या चौकात केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले उंडे, आणि तळलेली मासळी विकते. गिऱ्हाइकं उभ्या उभ्या खायची आणि खाता खाता बिरागोपाशी मन मोकळं करायची. नवरा असा, सासू तशी, दुकान बसलं. बिरागोला वाटायचं, आपल्याकडे बघितलं की लोकांना ‘हिच्यापेक्षा आपलं बरं’ असं वाटतं आणि ते हलके होतात. मग त्यावरच पोट का भरू नये? पदवी झाली, पुढे एम.फिल.ला नाव घातलं, पुस्तकं पाठ झाली, आणि शेवटच्या वर्षी सरावासाठी गावाच्या कडेला एका आरोग्य केंद्रात तिला एक खोली मिळाली. दोन खुर्च्या, एक टेबल, घरघरणारा पंखा, पाण्याचा तांब्या. सराव पुरा झाला की नोकरी ठरलेली; मुलींच्या एका शाळेनं तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती.

माणसं यायची आणि हसत हसत बाहेर पडायची. बिरागो खूश. आपल्या हाताला यश आहे, फक्त कुठल्या ते विचारू नका, असं ती मैत्रिणींना सांगायची. एकच गोम होती, एकदा आलेलं माणूस पुन्हा येत नसे. ती समजायची, बरं झालं असेल.

तिच्या सरावावर देखरेख होती बोआमा मॅडमची. बाई ठेंगणी, आवाज मऊ, शाबासकी आणि बोलणी एकाच सुरात. समोरच्याच्या संमतीनं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि मॅडमनी ते नंतर ऐकायचं अशी पद्धत. मॅडमनी एका बाईचं रेकॉर्डिंग तिच्यासमोर लावलं. बाई रडत होती, बिरागोनं रुमाल पुढे केला, सेबे म्हणाली, मग वातावरण हलकं करावं म्हणून हातावर एक विनोद केला, मग दुसरा. बाईचं रडणं थांबलं. बाई म्हणाली, पोरी, तू मनाला लावून घेऊ नकोस, देव बघतोय. पुढचा सगळा वेळ बाईनं बिरागोला धीर दिला.

मॅडमनी मशीन बंद केलं आणि विचारलं, “यातली पेशंट कोण?”

बिरागोच्या ओठांवर त्यावरही एक विनोद आला होता. तो तिनं केला नाही, एवढी अक्कल होती. मॅडमनी शांतपणे सांगितलं की आता जो माणूस येईल तो टिकला पाहिजे. तोही करमणूक करून घेऊन निघून गेला, तर सराव पुन्हा पहिल्यापासून.

आणि आला कोण, तर नाना अमोआ.

नाना म्हणजे आयुष्यभर लाकडाचे ट्रक चालवलेला, आडव्या हाडाचा माणूस, आणि आता कुळाचा प्रमुख. लग्न, वाटणी, भांडण, मयत, काहीही असो, मधल्या खुर्चीवर नाना. चार महिन्यांमागे त्यांना लकवा मारला. पाय सावरला, बोलणं बरंचसं सावरलं, उजवा हात गेला तो गेलाच. त्यातच त्यांची थोरली बहीण पोकुवा वारली. मयत इकडच्या रीतीप्रमाणे कित्येक आठवडे शीतगृहात होतं, अंत्यविधी येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी ठरला होता, आणि नाना म्हणत होते मी येणार नाही. कुळाचा प्रमुख सख्ख्या बहिणीच्या मयताला नाही? लोक शेण घालतील तोंडात. हे सगळं त्यांच्या बायकोनं, आफ्रियीमावशींनी, बिरागोला दारातच सांगितलं. दुसरं काही नको, त्यांना त्या शनिवारी खुर्चीवर बसतं करा, एवढंच. ‘ती हाताची मुलगी फार हसरी आहे’ असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. बघा, कीर्ती कशी पसरते ती.

बिरागोला सगळं चुटकीसरशी कळलं. मयताला बसायचं म्हणजे येणारा प्रत्येक जण रांगेनं हात मिळवत जाणार. उजवा उचलत नाही, डावा देववत नाही. म्हणून नाना घरात तोंड लपवून बसलेत. आणि डाव्या हाताच्या शास्त्रात सबंध कुमासीत आपल्याएवढा अनुभवी माणूस कोण? तिला तर वाटलं, तेवीस वर्षं हा हात रजेवर होता तो बहुधा आजच्याचसाठी. हातावर विनोद करायचा नाही, हे तिनं स्वतःला तीनदा बजावलं.

नाना आत येऊन बसले. अंगात बाह्यांचा सदरा, उजवा हात मांडीवर ठेवलेला, ठेवलेला म्हणजे वस्तू ठेवावी तसा. बोलेनात. आपल्याकडे आलेल्याला आधी पाणी द्यायचं, मग येण्याचं कारण विचारायचं. ते तरी करू म्हणून बिरागोनं पेला भरला आणि पुढे केला. आणि जिभेनं तिच्या परवानगीशिवाय जन्माची सवय उरकली.

“सेबे, नाना.”

नानांनी पेला घेतला नाही. घ्यायचा तर त्यांनाही डाव्यानंच घ्यावा लागणार होता. पेला दोघांच्या मधे तसाच राहिला. बिरागोला घाम फुटला, आणि घाम फुटला की तिचं काय होतं ते आता सांगायला नको. ती म्हणाली, नाना, टाळी एका हातानं वाजत नाही म्हणतात, आता आपण दोघं मिळून बघू या वाजते का.

जन्मात पहिल्यांदा तिच्या विनोदावर समोरचं माणूस हसलं नाही.

“कधीपासून आहे हे तुला?” नानांनी विचारलं.

“जन्मापासून, नाना.”

“आणि अजून माफी मागतेस?”

एवढं बोलून ते उठले, दाराच्या चौकटीला धरून बाहेर गेले. झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बिरागो पेला हातात घेऊन बसून राहिली आणि शेवटी ते पाणी तिनंच प्यायलं.

घरी तिनं आईला फक्त इतकंच सांगितलं की एक म्हातारे गृहस्थ माझ्या बोलण्यानं दुखावून उठून गेले. नाव नाही, गाव नाही. पेशंटचं गुपित ठेवायचं हे पुस्तकात पहिल्या पानावर आहे. आईनं कढईतला मासा उलटताना तिच्याकडे असं बघितलं की तो मासा बरा. मोठ्या माणसाला दुखवलंस आणि इथं बसून पुस्तकं चाळतेस? येत्या रविवारी माफी मागायला जायचं. आणि एकटीनं नाही. मोठ्यांची माफी मागायला आपल्याकडे कुणी एकटं जातं का? वजनदार माणूस मध्ये घालायचा, तो आपल्या वतीनं बोलतो, उत्तरही तोच आणून देतो. तशी रीत आहे आणि त्या रीतीपुढे पुस्तकातलं पहिलं पान टिकत नाही. आईनं वजनदार माणूसही ठरवला, चर्चमधले एल्डर बोन्सू. मीठ मागायचं असलं तरी उपोद्घात करणारा माणूस.

पेशंटच्या घरी कधीही जायचं नसतं, हे बिरागोला ठाऊक होतं. तिला हेही ठाऊक होतं की नाना परत येणार नाहीत, सराव पुन्हा पहिल्यापासून, आणि शाळेतली जागा दुसऱ्या कुणाला जाणार. घाबरलेल्या माणसाला नको ते शहाणपण सुचतं. रविवारी चर्च सुटल्यावर ती, आई, एल्डर बोन्सू आणि रीतीप्रमाणे दारूची एक बाटली असे चौघं टॅक्सीत बसले.

नाना अंगणात आंब्याखाली बसले होते. एल्डर बोन्सूंनी फाटकातूनच आवाज दिला आणि तरातरा पुढे जाऊन आपला भलामोठा उजवा हात नानांपुढे केला.

बिरागो जागच्या जागी थिजली. एल्डरना काय माहीत? कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे नियम मोडून झाल्यावर गुपित राखायचा एवढा एकच नियम तिनं निष्ठेनं पाळला होता, आणि नेमका तोच नडला. एल्डरचा हात हवेत, नानांचा मांडीवर, नानांची नजर जमिनीला. माफी मागायला म्हणून परका माणूस त्यांच्या अंगणात आणून तिनं त्यांची लाज उघडी पाडली होती. ती धावली आणि आपल्या डाव्या हातानं एल्डरचा तो उजवा पंजा पकडून जोरजोरात हलवत म्हणाली, नमस्कार एल्डर, कसे आहात?

एल्डर बोन्सू गोंधळले. “बरा आहे,” ते म्हणाले. “आत्ताच तर एकाच टॅक्सीतून उतरलो.”

नानांचे खांदे हलायला लागले. लकव्यानं चेहऱ्याची एक बाजू अजून जड होती, त्यामुळे हसू अर्ध्याच तोंडावर आलं, पण आलं. आफ्रियीमावशी आतून धावत आल्या, नवऱ्याला हसताना बघून तशाच उभ्या राहिल्या.

मग रीतीप्रमाणे पाणी आलं, येण्याचं कारण विचारलं गेलं, आणि एल्डर बोन्सू उभे राहिले. ते बोलले. क्षमेवर बोलले, तरुण पिढीवर बोलले, नोहाच्या नौकेवरही थोडं बोलले. नानांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की पोरीचा गुन्हा काय? एल्डरना तो माहीत नव्हता. त्यांनी बिरागोकडे बघितलं.

बिरागो म्हणाली, “मी नानांची माफी मागितली, त्याबद्दल माफी मागायला आलेय.”

एल्डर खाली बसले आणि रुमालानं कपाळ पुसायला लागले. असलं प्रकरण त्यांच्या आख्ख्या कारकिर्दीत आलं नव्हतं. नाना म्हणाले गुन्हा काही झालेला नाही, बाटली ठेवून घ्या, पाहुण्यांना आत नेऊन फुफूचा गोळा आणि सूप वाढा. पोरीला मात्र इथं राहू दे.

अंगणात दोघंच उरले. नाना आंब्याच्या बुंध्याकडे बघत होते. जिभेला थोडं जड जात होतं, त्यामुळे ते सावकाश बोलले.

“तुम्हा सगळ्यांना वाटतं मी या हातापायी घरात बसलोय. हात गेला खड्ड्यात. लकवा झाल्यावर ताई मला भेटायला आली होती. गावाहून, दोन गाड्या बदलून, त्या वयात. तेव्हा मला चमच्यानं भरवत होते आणि तोंडातून लाळ गळत होती. मला लहानपणी पाठीला बांधून हिंडवलेली बाई ती. मी हिला सांगितलं, मी झोपलोय म्हणून सांग.”

नानांनी डाव्या हातानं उजवा उचलून मांडीवर नीट ठेवला.

“ती गेली नाही. दाराबाहेर स्टूल घेऊन बसली आणि दाराशीच बोलत राहिली. कसाव्याचं पीक कसं आलंय, कोंबडी कुणी चोरली, लहानपणी मी नदीत पडलो होतो ती गोष्ट. पार ऊन उतरेपर्यंत. मग म्हणाली, ‘बरं, झोप तू,’ आणि गेली. मी उशीवर डोळे उघडे ठेवून सगळं ऐकलं. पुढच्या आठवड्यात ती वारली.”

बिरागोच्या मनात नेहमीप्रमाणे विनोदांची रांग लागली होती. एक तर अगदी ओठांशी आला, आणि खरं सांगायचं तर चांगला होता. तो तिनं गिळला. मग तिला भयंकर शरम वाटली. या माणसाचं दुःख आपल्याच हाताला लोंबतंय, असं ती आठवडाभर धरून चालली होती. जगात जिथं कुठं दुखत असेल तिथं आपला उजवा हात असलाच पाहिजे, असा तिचा थाट होता. उंटावरच्या शहाण्यालाही खाली काय चाललंय ते थोडंफार दिसतं, हिला तेही दिसलं नव्हतं.

“तू माझ्याकडे यायला दोन माणसं घेऊन आलीस,” नाना म्हणाले. “मी तिच्याकडे कुणाला घेऊन जाऊ?”

आतून एल्डर बोन्सूंच्या जेवणाआधीच्या प्रार्थनेचा आवाज येत होता आणि तो लवकर थांबायची चिन्हं नव्हती.

“मी येते, नाना,” ती शेवटी म्हणाली.

नाना म्हणाले की मध्यस्थ केस पिकलेला लागतो. बिरागोनं कबूल केलं की तिचे केस काळे आहेत, आवाज लहान आहे आणि मयताच्या घरी डावा हात घेऊन मध्यस्थ गेलेला कुणी ऐकलेला नाही. पण ही गोष्ट ठाऊक असलेली ती एकटीच होती. दुसऱ्या कुणाला घ्यायचं तर नानांना सगळं पुन्हा सांगावं लागणार होतं. ते सांगायची त्यांची तयारी नव्हती.

मंगळवारी तिनं बोआमा मॅडमना सगळं सांगितलं. घर, आई, एल्डर, बाटली, फुफू, काहीसुद्धा लपवलं नाही. मॅडमच्या आवाजात फरक पडला नाही. घरी गेलीस त्याबद्दल लेखी समज देईन, त्या म्हणाल्या, आणि यापुढे त्यांना खोलीत भेटशील तर सराव चालू राहील. पण शनिवारी त्या माणसाबरोबर मयताला उभी राहिलीस, तर तू त्याची समुपदेशक उरत नाहीस. मग त्याला मी दुसऱ्या कुणाकडे देणार, आणि तुझा सराव पुन्हा पहिल्यापासून.

“मग शनिवारी मी त्यांची कोण, मॅडम?”

“ते तुझं तू ठरव,” मॅडम म्हणाल्या.

बिरागोनं शाळेला फोन करून जागा ठेवू नका म्हणून कळवलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं, आणि हात म्हणाल तर एकच. फोन ठेवल्यावर ती रडली, आणि आईनं काय झालं विचारल्यावर कांद्यावर ढकललं, तेव्हा घरात कांदा नव्हता.

शनिवारी अंगण काळ्या-तांबड्या कापडांनी भरून गेलं होतं. पितळी पलंगावर पोकुवाबाईंना सोन्याच्या दागिन्यांनी सजवून ठेवलं होतं, भोवती बायका आक्रोश करत होत्या, बाहेर लाऊडस्पीकर घुमत होता. नाना आले. पुरुषमाणूस मयताला जसं कापड पांघरतो तसंच, डाव्या खांद्यावरून. उजवा खांदा उघडा, आणि तो हात सगळ्यांच्या नजरेसमोर. लोक बघत राहिले. नाना पलंगाच्या पायथ्याशी थांबले, कारण ज्याला माफी हवी त्यानं मागे थांबायचं असतं.

बिरागो पुढे गेली. भाषण तिनं पाठ केलं होतं, जवळजवळ एल्डर बोन्सूंच्या तोडीचं. त्यातला एक शब्द आठवला तर शपथ. ती वाकली आणि फक्त त्या म्हातारीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली.

“आजी, मी तुमच्या भावाच्या वतीनं आलेय. त्या दिवशी तो झोपला नव्हता. जागा होता. तुम्ही बोललात ते सगळं त्यानं ऐकलं. त्याला तुमच्यासमोर यायची लाज वाटली. आता वाईट वाटतंय.”

बस, एवढंच जमलं. ती मागे फिरली. नाना तिच्या तोंडाकडे बघत उभे होते, पाणी पसरलेल्या डोळ्यांनी, एखाद्या शाळकरी पोरासारखे. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की मध्यस्थानं नुसतं जाऊन चालत नाही, परत येऊन उत्तर द्यावं लागतं.

“काय म्हणाली ती?” नानांनी विचारलं.

बिरागोला खोटं सांगता आलं असतं. समोरच्याला बरं वाटावं म्हणून तिनं आजवर काय काय केलं नव्हतं. तिला ते स्टूल दिसलं, ते बंद दार दिसलं, पार ऊन उतरेपर्यंत कोंबडीची आणि कसाव्याची हकिकत सांगत बसलेली म्हातारी दिसली.

“नाना,” ती म्हणाली, “झोपलेल्या माणसाशी कुणी इतका वेळ बोलत नाही. तुम्ही जागे आहात हे त्यांना तेव्हाच माहीत होतं.”